दोन मूर्ती आणि मधली जागा

हा फोटो पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी दोन म्हातारी माणसं देवळाबाहेर बसलीयत. झूम केल्यावर कळलं, दगड आहेत. एक पुरुष, गुडघ्यांवर पण ताठ, दोन्ही हात स्वतःच्याच छातीभोवती आवळलेले, हुडहुडी भरल्यासारखे. शेजारी, पण अंतर राखून, एक बाई. तीही गुडघ्यांवर, मात्र पुढे वाकलेली, मान पार खाली. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत. मधून एखादा माणूस चालत जाईल एवढी मोकळी जागा.

या मूर्ती केथे कोलविट्झ या जर्मन बाईंनी केलेल्या आहेत. 'शोकमग्न आईबाप' असं त्यांचं नाव. बेल्जियममध्ये व्लाड्सलो नावाचं खेडं आहे, तिथे पहिल्या महायुद्धात मेलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. गवतात सपाट बसवलेल्या करड्या फरश्या, एकेका फरशीवर ओळीनं नावं, वर मोठाली ओकची झाडं. त्यांतल्या एका फरशीवर पेटर कोलविट्झचं नाव आहे. केथेचा धाकटा मुलगा. ऑक्टोबर १९१४मध्ये, युद्ध सुरू होऊन तीन महिने व्हायच्या आत, तो तिथून जवळच मारला गेला. वय १८.

मी हे का लिहायला बसलोय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं उगाच कलाचर्चा वाटेल.

आमचं गाव साताऱ्याकडचं. या भागात फौजेत जाणं म्हणजे काही विशेष नाही. घरटी एखादा असतोच. काही वर्षांपूर्वी शाळेत मला दोन वर्षं पुढे असलेला एक मुलगा सीमेवर गेला. म्हणजे मारला गेला. पार्थिव दुसऱ्या दिवशी येणार होतं आणि रात्रीत चौकात फ्लेक्स लागायला हवा होता. गावात 'लिहिणारा' म्हणून मी. फ्लेक्सवाल्यानं फोन केला, म्हणाला, भाऊ, चार ओळी दे, जोरदार. मी वीस मिनिटांत दिल्या. त्यांत रक्त होतं, सूड होता, शत्रूचा थरकाप होता, यमकही होतं. लोकांनी त्या फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढले. माझ्या स्टेटसला त्या दिवशी जेवढे व्ह्यूज आले तेवढे आजतागायत कुठल्याच लेखाला आलेले नाहीत.

त्या मुलाच्या आईला आम्ही काकू म्हणतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मी भेटायला गेलो तर त्या म्हणाल्या, "ते बोर्डावरचं तू लिहिलंस म्हणं?" मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "चांगलंय. पण त्यात आमचा बाळू काय दिसला न्हाई."

आता कोलविट्झकडे येऊ.

वीस मिनिटांच्या पुढे ठेवायचा आकडा आहे अठरा वर्षं. डिसेंबर १९१४मध्ये तिनं पेटरसाठी स्मारक करायचं मनात घेतलं आणि ते पूर्ण होऊन जागेवर बसलं जुलै १९३२मध्ये. मधे तिनं ते सोडून दिलं, काही वर्षांनी परत हातात घेतलं, परत मोडलं. 'महान कलाकृतीला वेळ लागतो' छापाचं कौतुक मला करायचं नाहीये. वेळ लागायचं कारण वेगळं होतं. स्मारकात काय म्हणायचं हे तिला माहीत होतं, आणि नंतर तेच तिला पटेनासं झालं.

पहिला आराखडा बराचसा आपल्या ओळखीचा आहे. मध्यभागी पेटरचा देह आडवा, डोक्याशी बाप, पायाशी आई. बर्लिनजवळ हाफेल नदीकाठच्या उंचवट्यावर ते उभं राहावं अशी कल्पना. स्वतःहून युद्धावर गेलेल्या सगळ्या तरुणांच्या त्यागाचं ते स्मारक होणार होतं. म्हणजे हुतात्मा मधे आणि आपण बाजूला, त्याच्या तेजात. माझा फ्लेक्स हेच करत होता. बरं, ती माझ्यासारखी उथळ नव्हती. तिचा नवरा कार्ल बर्लिनच्या कामगारवस्तीत दवाखाना चालवायचा, दोघंही समाजवादी विचारांचे, आणि तिनं तोवर उपाशी विणकरांची आणि बंडखोर शेतकऱ्यांची चित्रं करून नाव कमावलेलं होतं. तरीही मुलगा गेल्यावर तिला पहिल्यांदा सुचलं ते हेच. दुःखाला तयार साचा लागतो, आणि देशाकडे तो नेहमी तयारच असतो.

पण या घरात एक गोष्ट अशी घडली होती की जी त्या साच्यात बसत नव्हती. पेटर वयानं लहान, त्यामुळे त्याला सैन्यात जायला बापाची परवानगी लागणार होती. कार्ल तयार नव्हता. देशाला गरज असती तर तुझ्या वयाच्यांना त्यांनीच बोलावलं असतं, हे त्याचं म्हणणं. मुलगा आईकडे बघायला लागला. आणि आईनं मुलाच्या बाजूनं नवऱ्याकडे रदबदली केली. ऑगस्ट १९१४मधली ही संध्याकाळ तिनं डायरीत टिपून ठेवली आहे. दोन-अडीच महिन्यांत पोरगा मेला.

एकदा हे कळलं की मूर्तींमधली ती मोकळी जागा वेगळी दिसायला लागते. त्या मूर्तींना चेहरे त्या दोघांचेच आहेत, कार्लचा आणि तिचा. शोकशिल्पांत माणसं सहसा एकमेकांना बिलगलेली असतात. आपल्यालाही ते बघून बरं वाटतं, चला, निदान एकमेकांना आधार तरी आहे. इथे तो दिलासा नाही. बाप ताठ आहे; त्यानं 'नको' म्हटलं होतं. आई वाकलीय, तिनं 'जाऊ दे' म्हटलं होतं. हे माझं वाचन आहे, तिनं असं कुठे लिहून ठेवल्याचं मी म्हणत नाही. पण तसं वाचल्यावर मला दुसरं वाचन जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गुडघे. मराठीत आपण 'गुडघे टेकले' म्हणतो तेव्हा माणूस हरला असं म्हणायचं असतं. युद्धस्मारकात कोण गुडघे टेकतं? सहसा शत्रू. स्वतःच्या सैनिकांच्या स्मारकात स्वतःलाच गुडघ्यांवर आणणं, तेही जर्मनी हरलेली असताना, गावोगाव 'आम्ही हरलोच नव्हतो, आम्हाला पाठीत खंजीर खुपसला' अशी हवा असताना, ही फार मोठी गोष्ट आहे. मूर्तींपाशी तलवार नाही, शिरस्त्राण नाही, गरुड नाही. ते दोघं मुलांसमोर वाकलेत. मोठी पिढी धाकट्या पिढीची माफी मागतेय, असंच ते दिसतं. आपल्याकडे उलट चालतं. सलामी देऊन झाली, पुष्पचक्र वाहून झालं की मोठी माणसं माइकवरून तरुणांना सांगतात, तुम्हीही असंच बलिदान द्यायला तयार राहा.

आणि मुलगाच काढून टाकला! आधीच्या आराखड्यातला आडवा देह शेवटच्या कामात नाही. अठरा वर्षं ज्याच्यासाठी खपली त्याचीच मूर्ती वगळायची, याला फार मोठी छाती लागते. त्याची जागा खऱ्या मेलेल्यांनी घेतली. मूर्तींसमोर पसरलेल्या त्या सगळ्या फरश्यांनी. १९२६मध्ये ती आणि कार्ल बेल्जियममध्ये जाऊन ती जागा बघून आले. तेव्हा थडग्यांवर छोटे क्रूस होते, बांधावर रानगुलाब. माझा अंदाज आहे की ती रांगांवर रांगा बघून आल्यावर एकट्या पेटरचं शिल्प करणं तिला अवघड झालं असावं. (मुळात या मूर्ती आणि हे थडगं जवळच्या रोगेवेल्डे इथे होतं, १९५०च्या दशकात लहान दफनभूम्या एकत्र केल्या तेव्हा पेटरसह सगळे व्लाड्सलोला आले.)

या अठरा वर्षांच्या मुळाशी एक प्रश्न आहे, आणि मला वाटतं आपल्याला घाबरवणारा प्रश्नही तोच आहे. १९१६मध्येच ती डायरीत मुलाला उद्देशून विचारते की मला आता या युद्धात केवळ वेडेपणा दिसतो, तर ही तुझ्याशी बेइमानी तर नाही ना? तो विश्वासानं गेला. ज्यासाठी गेला ते खोटं होतं असं आईनंच म्हटलं, तर तो फुकट मेला असं होत नाही का?

आपण या प्रश्नाच्या जवळही जात नाही. कुणी सैनिक मेला की पुढच्या पाच मिनिटांत जो कुणी 'हे थांबायला हवं' म्हणेल त्याला आपण 'जवानांचा अपमान' म्हणून गप्प करतो. जणू मेलेल्या माणसाचा मान राखायचा तर आणखी माणसं मरत राहायला हवीत. कोलविट्झला या गणितातून बाहेर पडायला वर्षं लागली, पण ती पडली. ऑक्टोबर १९१८मध्ये, युद्ध हरत आलेलं असताना, रिशार्ड डेमेल नावाच्या कवीनं आवाहन केलं की उरल्यासुरल्या सगळ्यांनी स्वेच्छेनं अखेरच्या लढाईला उतरावं. तिनं वर्तमानपत्रात जाहीर उत्तर दिलं: पुरे झालं, आता एकही नको. गोएथेचा आधार घेऊन तिनं जो मुद्दा मांडला तो साताऱ्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. कितीही दुष्काळ पडो, बियाण्यासाठी राखलेलं धान्य जात्यात घालत नाहीत. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या घरातलं बियाणं तिनं स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं. म्हणून त्या उत्तराला वजन आहे.

तिचं सगळंच मला आवडतं असं नाही. १९२४चं 'पुन्हा युद्ध नको' हे पोस्टर तुम्ही पाहिलं असेल: हात उंच करून ओरडणारा तरुण, मागे मोठ्या अक्षरांत घोषणा. टी-शर्टवर असतं, डीपीला असतं. ते प्रामाणिक आहे, पण ते मला जे आधीच पटलंय तेच मोठ्यानं सांगतं. त्याच्या एक-दोन वर्षं आधीची 'युद्ध' ही सात लाकूडठशांची मालिका कितीतरी जास्त बोचते. पहिल्याच ठशात एक आई तान्हं मूल दोन्ही हातांवर धरून पुढे करतेय, जणू नैवेद्य. दुसऱ्यात मृत्यू ढोल बडवत पुढे चाललाय आणि मागे तरुण पोरं, तोंडं उघडी, डोळे मिटलेले. ढोलामागे जाणारी अशी पोरं आम्ही दर मिरवणुकीत बघतो. मीही त्यांत नाचलोय.

पण मूर्तींवरही एक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पेटर बेल्जियममध्ये काय करत होता? जर्मनीनं तटस्थ बेल्जियमवर आक्रमण केलं होतं. ऑगस्ट १९१४मध्ये लूवेनमध्ये जर्मन सैन्यानं नागरिक मारले, विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं. ज्या मातीत हे आईबाप गुडघे टेकून आहेत ती माती दुसऱ्यांची आहे, आणि त्या दुसऱ्यांच्या आईबापांना या शिल्पात जागा नाही. हे खरं आहे. मी याला शिल्पाची मर्यादा म्हणेन. फक्त ती मर्यादा शिल्प लपवत नाही: ते स्वतःच्या मुलाला निष्पाप बळीही म्हणत नाही आणि विजयी वीरही म्हणत नाही.

ही तोल राखायची गोष्ट किती नाजूक आहे हे बघायचं असेल तर बर्लिनला जावं लागतं. तिथल्या 'नॉय वाखं' या जुन्या पहारेघरात कोलविट्झचीच दुसरी कृती आहे: मेलेल्या मुलाला मांडीत घेऊन बसलेली आई. मूळ काम हातात मावेल असं, जेमतेम चाळीस सेंटिमीटरचं. १९९३मध्ये, जर्मनी एक झाल्यावर, चॅन्सेलर हेल्मुट कोल यांच्या पुढाकारानं ते मोठं करून, माणसाच्या उंचीइतकं, राष्ट्रीय स्मारक म्हणून बसवलं गेलं. वर छताला गोल झरोका. पाऊस, बर्फ थेट मूर्तीवर पडतो. फोटोत फार सुंदर दिसतं. पण खाली लिहिलं गेलं की हे युद्ध आणि जुलमी राजवटीच्या बळींसाठी. बळी कोण? रणांगणावर मेलेला जर्मन सैनिक आणि छळछावणीत मारलेला ज्यू, दोघंही एकाच ओळीत. यावर वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता. इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी विचारलं की ही ख्रिस्ती वळणाची माता, मांडीवर मुलगा घेतलेली, मारल्या गेलेल्या ज्यूंना आणि बायकांना कुठे सामावून घेते? शेवटी प्रवेशाशी बळींच्या वेगवेगळ्या गटांचा उल्लेख करणारी पाटी लावावी लागली.

माझ्या मते व्लाड्सलोत जे साधलं ते बर्लिनमध्ये हरवलं, आणि मूळ कृती तर त्याच हातांतून आलेली. एका आईनं केलेली माफीची कृती सरकारनं उचलली की तिची सर्वसमावेशक, गुळगुळीत शांतता होते. 'सगळेच बिचारे' म्हटलं की कुणालाच कुणाकडे जाऊन काही बोलावं लागत नाही. असली शांतता मला नको. सैनिकांच्या स्मरणातून शांतता यायची असेल तर त्यात कुणीतरी नाव घेऊन म्हणायला हवं, मी केलं.

असं म्हणणारा माणूस आपल्या बाजूलाही होऊन गेलाय, म्हणजे नेमकं बोलायचं तर सीमेच्या पलीकडच्या बाजूला. १९७१च्या युद्धात बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल रणगाड्यात लढताना मारले गेले. वय २१, मरणोत्तर परमवीर चक्र. त्यानंतर तीस वर्षांनी, २००१मध्ये, त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. वय ८१. लाहोरमध्ये त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला, अगदी घरच्यासारखा. आणि निघायच्या आधी यजमानांनी सांगितलं की त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. ही गोष्ट बऱ्याचदा छापून आली आहे. तुम्हीही वाचली असेल. आपण ती 'बघा किती उदात्त' म्हणून फॉरवर्ड करतो. मला त्यातला पाहुणचार जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या माणसानं ते दिवस त्या म्हाताऱ्याला जेवू-खाऊ घातलं, हवं-नको बघितलं, आणि मग सांगितलं. पत्रानंही कळवता आलं असतं.

कोलविट्झच्या वाट्याला असं कुणी आलं नाही. तिच्या मूर्ती १९३२च्या जुलैमध्ये बेल्जियममध्ये बसल्या आणि सहा महिन्यांत हिटलर सत्तेवर आला. तिला प्रशियन कला अकादमीतून राजीनामा द्यायला लावला. १९४०मध्ये कार्ल गेला. १९४२मध्ये नातू रशियाच्या आघाडीवर मारला गेला. त्याचंही नाव पेटर ठेवलेलं होतं. त्याच वर्षी तिनं शेवटचं मोठं शिळाछाप केलं: एक आई, हात पंखांसारखे पसरलेले, खाली दडपून धरलेली पोरं. पोरांचे चेहरे बघा. ती घाबरलेली नाहीत, बाहेर पळायला उतावीळ आहेत. आई आता परवानगी देत नाहीये. एप्रिल १९४५मध्ये, युद्ध संपायला दोन आठवडे असताना, ती वारली.

गावाकडचं थोडं राहिलं.

बाळूदादाचं पक्कं स्मारक करायचं ठरलं तेव्हा ते वरच्या आळीच्या चौकात की खालच्या, यावरून वाजलं. कमानीवर कुणाचं नाव 'संकल्पना' म्हणून टाकायचं, यावरून आणखी वाजलं. पुढे ते इतकं वाढलं की वरच्या आळीतल्या एकानं आपल्या रानातून खालच्या दोन भावांकडे जाणारी पाइपलाइन खणून तोडली. ऐन मार्चमध्ये. खालच्यांचा ऊस वाळायला लागला. तंटामुक्ती समितीवर बसणारे दोघं या भांडणात दोन बाजूंना होते, त्यामुळे तिकडून काही होणार नव्हतंच.

सरकारी भाषेत काकू 'वीरमाता' आहेत. पंधरा ऑगस्टला त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवतात, शाल-नारळ देतात. या शब्दाबद्दल मला वाईट बोलायचं नाही, त्याच्याबरोबर मिळणाऱ्या सवलती खऱ्या आहेत. पण वीरमातेनं काय बोलायचं हे त्या शब्दातच ठरलेलं असतं, आणि काकू ते कधीच बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसतात, शाल घडी करून मांडीवर ठेवतात. पाइपलाइन तुटली तेव्हा मात्र त्या बोलल्या. दोन्ही आळ्यांतल्या घरांत जाऊन म्हणाल्या, त्याच्या नावानं कुणाचं पाणी तोडू नका. मग स्वतःच्या वावरातून, उभ्या ज्वारीतून, पाइप न्यायला जागा दिली. खालच्या भावांचा आणि काकूंच्या घरचा बांधावरून जुना वाद आहे, कोर्टात गेलेला. त्यांच्या जेसीबीनं तिची दीड गुंठा ज्वारी गेली. तिनं भरपाई मागितली नाही, आणि बांधाचा दावाही मागे घेतला नाही. दोन्ही खरं.

स्मारक अजून झालेलं नाही. गेल्या दिवाळीत काकूंनी मला बोलावून सांगितलं की आता चौकात नको, आपल्याच वावराच्या कडेला एक साधी फरशी बसवू, आणि तिच्यावर काय लिहायचं ते तू दे. "मागच्यासारखं नको."

नाव, जन्म, मृत्यू एवढं लिहून झालंय. त्याखालची ओळ सहा महिने होत नाहीये. बाळूदादा पोहायला शिकवायचा, हरला की रडायचा, फौजेतून सुट्टीवर आला की आधी म्हशीकडे जायचा. यातलं दगडावर काय जातं मला माहीत नाही. ग्रॅनाइटवाला अक्षरावर पैसे घेतो. परवा त्याचा पुन्हा फोन आला होता, म्हणाला, भाऊ, चार ओळी लिहायला एवढा टाइम लागतोय होय?